काल चढलेली पायरी आज का चढत नाही? घरच्या क्रॉलर ट्रॅकवर परत परत येणारा बिघाड

क्रॉलर म्हणजे दगडधोंड्यांवरून सावकाश चढणारी रिमोटची छोटी गाडी. तिच्यासाठी घरी दगड-मातीचा ट्रॅक बांधतात. ट्रॅक नवा असताना गाडी ज्या पायरीवरून अलगद वर जायची, तीच पायरी महिन्याभरात तिला पालथी पाडायला लागते. गाडी तीच, रिमोट तोच, चालवणारा हातही तोच. मग आपण गाडी उघडून बसतो. स्प्रिंग बदलतो, वजनं पुढे-मागे करतो, टायरची नवी जोडी घालतो, आणि पायरी काही सुटत नाही.

माझ्या पहिल्या ट्रॅकवर तिसरी पायरी अशी बिघडली होती. गाडी दर वेळी डावीकडे कलंडायची. तीन आठवडे मी गाडीच दुरुस्त करत होतो. शेवटी एका संध्याकाळी ट्रॅकशेजारी मांडी घालून बसलो, एका हातात रिमोट धरला आणि दुसरा तळहात त्या पायरीच्या दगडावर टेकवला. पुढचं उजवं चाक कडेवर आलं आणि तळहाताखाली दगड तसूभर उचलला. डोळ्यांना काहीच दिसलं नव्हतं. वीस किलोंचा दगड तीन किलोंची गाडी हलवत होती, कारण तो खाली दोनच टेकूंवर बसला होता आणि गाडीचं वजन बरोबर त्याच्या मोकळ्या टोकावर येत होतं.

तेव्हापासून हा बिघाड स्वतःच्या आणि मित्रांच्या ट्रॅकवर इतक्या वेळा काढला आहे, की त्याचा क्रम आता ठरून गेला आहे. बांधलेला ट्रॅक रोज थोडा थोडा बदलत असतो. माती उकरली जाते, दगड बसतो, दगडांमधल्या सिमेंटच्या दरजा सुटतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. गाडीला हात लावण्याआधी हे तपासायला हवं.

लक्षणं

पुढच्यापैकी तुमच्याकडे काय होतं ते आधी पक्कं करा. एकापेक्षा जास्त लक्षणं असतील तर तीही नोंदवा.

- गाडी एकाच जागी, एकाच बाजूला कलंडते.
- पुढची चाकं पायरीवर चढतात, मागची पायथ्याशी नुसती फिरत राहतात आणि माती मागे उडते.
- गाडीचं पोट दगडावर टेकतं, चाकं हलकी होतात आणि गाडी तिथेच तरंगल्यासारखी अडकते.
- चढताना दगडाखालून ‘टक्’ किंवा ‘खुट्’ असा आवाज येतो.
- पाऊस पडल्यावर किंवा ट्रॅक धुतल्यावर काही दिवस बिघाड वाढतो.
- सकाळी गारठ्यात जमत नाही, ऊन चढल्यावर जमतं.
- माती भरली, दगड ठोकला, की दोन-चार दिवस ठीक चालतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

हे शेवटचं लक्षण असेल तर वरवरची मलमपट्टी पुरणार नाही, बिघाड दगडाच्या पायाभरणीत आहे असं समजा. तरीही खालचा क्रम सोडू नका. खोदकामाला हात घालण्याआधी फुकटातल्या तपासण्या उरकलेल्या बऱ्या.

आधी नुसतं बघा

मोबाइल जमिनीलगत, पायरीच्या बाजूने उभा करून चित्रण सुरू करा आणि त्याच वाटेने पाच वेळा गाडी चढवा. वाट खडूने आखून घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी चाक बोटभर इकडेतिकडे जातं आणि तुलना फुकट जाते. मग चित्रण हळू वेगात बघा.

एकच गोष्ट शोधायची आहे: आधी काय सुटतं? टायर घसरतो, पोट टेकतं, दगड हलतो की वरचं चाक जमिनीवरून उचलतं? कलंडणं हा शेवट असतो. त्याआधीच्या अर्ध्या सेकंदात जे घडतं तो बिघाड. पाचही वेळा तेच आधी सुटत असेल तर दोष जागेवर पक्का आहे आणि सापडणार आहे. दर वेळी वेगळं काही होत असेल तर गाडीची तपासणी नीट करा.

मित्राची त्याच मापाची गाडी मिळाली तर तीही त्याच खडूच्या रेघेवरून न्या. दोन्ही गाड्या एकाच जागी अडल्या तर गाडी खोलायची गरज नाही.

पुसा, झाडा, बॅटरी बघा

ओल्या फडक्याने चारही टायर पुसा. कोरड्या ताठ ब्रशने पायरी आणि तिच्या पुढची हातभर जागा झाडा. क्रॉलरचे टायर मऊ रबराचे असतात आणि त्यांची पकड दगडाच्या बारीक खरखरीत कण्यांवर अवलंबून असते. मधे भुकटीचा थर आला की टायर दगडाला लागतच नाही, भुकटीवरून सरकतो. ४५ अंशांच्या सरळ चढावर न घसरता उभं राहायला घर्षणांक (पकड मोजणारा आकडा) १ लागतो. स्वच्छ खरखरीत दगडावर मऊ रबराला तो मिळू शकतो, धुळीवर अजिबात नाही. म्हणजे तीव्र चढाच्या पायरीवर नुसती धूळही गाडी थांबवायला पुरेशी आहे.

गारठ्यात रबर कडक होतं आणि शॉकमधलं (चाकांना बसणारे धक्के झेलणाऱ्या नळीतलं) तेल घट्ट होतं. सकाळी न चढणारी गाडी दुपारी चढत असेल तर कारण बहुधा इथेच आहे, ट्रॅक फोडू नका.

बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते. उतरलेल्या बॅटरीवर चढाच्या ऐन जोरात व्होल्टेज खाली बसतं, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक भाग) बॅटरी वाचवायला मोटरचा जोर कमी करतो आणि गाडी पायरीच्या मधोमध थबकते. लांबून बघणाऱ्याला ते चाक अडल्यासारखं दिसतं.

गाडी बंद करून हाताने ढकला

सगळ्या तपासण्यांत मला ही सर्वात जास्त शिकवून जाते आणि फार कमी लोक ती करतात.

गाडीच्या पोटाखालच्या स्किड प्लेटला आणि दोन्ही ॲक्सलच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या) खालच्या बाजूला रंगीत खडू जाड घासा. गाडी बंद ठेवा. गिअरमुळे चाकं जड फिरत असतील तर दोन्ही ड्राइव्हशाफ्टचे (मोटरचा जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे) स्क्रू तात्पुरते काढा. आता बॉडीला न धरता चेसिसला (खालच्या सांगाड्याला) मागून दोन बोटांनी ढकलत गाडी खडूच्या रेघेवरून हळूहळू वर न्या. बोटांना कळतं. सुरुवातीला नुसती जड लागते. मग पोट टेकलं की ‘खर्र’ अशी घासण्याची जाणीव होते. वरचं चाक उचलायला लागलं की गाडी एकदम हलकी होऊन हातातून एका बाजूला जायला बघते.

वर पोचल्यावर दगडाकडे बघा. जिथे खडू उमटला तिथे पोट किंवा ॲक्सल टेकतो आहे. पायरीच्या ओठावर मधोमध रेघ उमटली असेल तर पोट अडतंय. एका बाजूला ठिपका असेल तर ॲक्सलमधल्या डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरचा) फुगीर भाग अडकतोय. कुठेच खडू नाही आणि तरी गाडी चढत नाही, तर प्रश्न पकडीचा किंवा तोलाचा आहे. पुढची निम्मी तपासणी या खडूच्या खुणेमुळे वाचते.

गाडीला द्यायची पाच मिनिटं

चाकांचे नट घट्ट आहेत का? चाकामागचा षट्कोनी हेक्स आणि त्याची पिन जागेवर आहे का? पिन पडली असेल तर ॲक्सल फिरतो, चाक फिरत नाही, आणि जमिनीवर हे लक्षातही येत नाही कारण बाकीची तीन चाकं गाडी ओढत असतात. गाडी उचला, एक चाक हाताने घट्ट धरा आणि अगदी थोडा थ्रॉटल द्या. क्रॉलरचे डिफरन्शियल बहुतेक लॉक केलेले असतात, त्यामुळे एक चाक धरलं तर त्याच ॲक्सलवरचं दुसरंही थांबायला हवं. ते फिरत राहिलं तर कुठेतरी पिन, ग्रब स्क्रू (बिनमाथ्याचा बारीक स्क्रू) किंवा गिअर सुटला आहे. ड्राइव्हशाफ्टच्या ग्रब स्क्रूला थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावलेलं नसेल तर तो आज ना उद्या सुटणारच.

मग प्रत्येक चाक कानाशी नेऊन हलवा. आत पाणी डुचमळत असेल तर टायरच्या हवेच्या भोकातून ते आतल्या फोममध्ये शिरलं आहे. भिजलेला फोम जड होतो, एका बाजूला गोळा होतो आणि टायर दगडावर सारखा दबत नाही. टायर उतरवून फोम वाळवा.

तोल बघायला एक फळी घ्या. गाडी फळीवर आडवी उभी करा आणि फळीची एक कड हळूहळू उचला. वरची चाकं सुटतात तो कोन मोबाइलमधल्या पातळी दाखवणाऱ्या ॲपने मोजा. मग गाडी उलट्या तोंडाने ठेवून पुन्हा मोजा. दोन्ही कोन जवळपास सारखे यायला हवेत. तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर वजन एका बाजूला आहे, किंवा एका बाजूचा शॉक अडकतो आहे. बॅटरी सरकली आहे का ते आधी बघा, बहुतेक वेळा तेवढंच असतं. आलेला कोन लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढचं बंपर भिंतीला टेकवून हळू थ्रॉटल दिल्यावर बॉडी एका बाजूला झुकते. शाफ्टवर चालणाऱ्या गाडीत थोडं झुकणं असतंच. खूप झुकत असेल तर स्प्रिंग फार मऊ आहेत.

इथे काही सापडलं नाही तर गाडी बाजूला ठेवा आणि परत तिच्याकडे वळू नका.

दगड हलतोय का

तळहात दगडावर सपाट ठेवा आणि दुसऱ्या हाताने त्याचे चारही कोपरे आळीपाळीने दाबा. नजरेवर भरवसा ठेवू नका, तळव्याला जी हालचाल जाणवते ती डोळ्याला दिसत नाही. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने दगडावर आणि दगडाभोवतीच्या सिमेंटवर ठोका. नीट बसलेला दगड खणखणीत वाजतो. खाली पोकळी असेल तर बद्द आवाज येतो. बद्द वाजणाऱ्या जागेभोवती खडूने गोल करा.

हलता दगड इतका त्रास का देतो? गाडीचा पुढचा टायर कडेवर दाब देतो तेव्हा दगड पुढे झुकतो, पायरीची उंची आणि कोन त्या क्षणापुरता बदलतो. टायर पुढे गेला की दगड परत मागे येतो आणि नेमका मागच्या चाकांना धक्का देतो. गाडी आधीच तोलाच्या काठावर असते, तेवढा धक्का तिला पुरतो.

घाईघाईने खाली चीप (दगडाचा चपटा तुकडा) ठोकून दगड घट्ट करणं हा तात्पुरता उपाय आहे. चीप एका बाजूने घुसते आणि दगड दुसऱ्या बाजूला उचलते. दोन दिवसांनी माती दबली की चीप सैल होते. शर्यतीच्या दिवसापुरतं चालेल, एरवी नको.

पायथा मोजा

परत परत येणाऱ्या बिघाडाचं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

पायरीच्या ओठापासून पायथ्यापर्यंत सरळ उभी उंची पट्टीने मोजा. ट्रॅक बांधला तेव्हाची उंची लिहून ठेवली असेल तर ताडून बघा. नसेल तर पायथ्याशी चाकांच्या दोन वाटांवर पट्टी आडवी ठेवा आणि खाली फट दिसते का बघा. फिरणारे टायर पायथ्याची माती दर खेपेला थोडी थोडी मागे फेकतात. काही दिवसांत तिथे दोन उथळ चर तयार होतात. नुसत्या डोळ्यांना ते साध्या खळग्यासारखे दिसतात, पण १५ ते २० मिमी खोल असतात. म्हणजे ६० मिमीची पायरी गाडीपुरती ८० मिमीची होते. शिवाय चराच्या तळातून वर येताना गाडीचं तोंड आधी खाली जातं आणि मग भिंतीसारख्या उभ्या दगडावर आदळतं.

१:१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या, गाडीचा टायर साधारण ११० ते १२० मिमी व्यासाचा असतो. माझा अनुभव असा की टायरच्या निम्म्या उंचीपर्यंतची उभी पायरी चांगली गाडी सहज घेते. त्यापुढे प्रत्येक सेंटिमीटरला पकड, वाट आणि हात तिन्ही नेमके लागतात. निम्म्याच्या आसपास बांधलेली पायरी चर पडल्यावर बरोबर या अवघड पट्ट्यात जाते. म्हणून काल चढलेली पायरी आज चढत नाही.

सैल माती भरून चर बुजवला तर तो चार खेपांत पुन्हा पडतो, कारण टायर तिथेच फिरणार आहे. पायथ्याशी हातभर लांबीत माती १० सेंमी उकरा, तळ धुम्मसाने किंवा जड ओंडक्याने ठोकून घट्ट करा, ५ सेंमी खडी आणि मुरूम घालून पुन्हा ठोका आणि वर चपटे खरखरीत दगड सिमेंटच्या मालात बसवा. दगडांचा वरचा भाग मूळ जमिनीच्या पातळीत ठेवा. हे एकदा केलं की त्या पायरीची तक्रार माझ्याकडे परत आलेली नाही.

पायऱ्यांमधलं अंतर आणि आडवा कल

दोन पायऱ्या एकामागून एक असतील तर त्यांच्या ओठांमधलं अंतर मोजा आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतरही मोजा. १:१० च्या बऱ्याच गाड्यांमध्ये ते ३१३ मिमीच्या आसपास असतं, १:२४ च्या छोट्या गाड्यांत १३३ मिमीच्या. ही दोन अंतरं जुळली की सगळ्यात वाईट जागा तयार होते. पुढची चाकं दुसऱ्या पायरीला भिडतात त्याच क्षणी मागची पहिलीला भिडतात. चारही चाकं एकदम चढायला बघतात, ढकलायला किंवा ओढायला कोणतंच चाक मोकळं उरत नाही. दगड बसताना, सरकताना मुळात ठीक असलेलं अंतर असं जुळून येतं. ३१३ ची गाडी असेल तर पायऱ्या २०० मिमीवर ठेवा किंवा ४५० वर, ३१० वर नको.

मघाचा फळीवरचा कोन आता काढा. पायरीच्या जागी ट्रॅकचा आडवा कल मोजा. फळीवर गाडी ४५ अंशांवर सुटत असेल आणि ट्रॅकचा आडवा कल ३८ असेल तर हिशेब सुरक्षित वाटतो. पण चाकांमधलं अंतर २०० मिमी असताना वरच्या बाजूचं चाक नुसत्या ३० मिमीच्या उंचवट्यावर आलं, तर ॲक्सलचा कल साडेआठ अंशांनी वाढतो. ३८ चे साडेशेहेचाळीस झाले आणि गाडी गेली. आडव्या उतारावर वरच्या बाजूला दगडाचं टोक वर आलं आहे का, किंवा खालच्या बाजूची माती धुपली आहे का, ते बोट फिरवून बघा. दोन्हीचा परिणाम एकच होतो.

पाणी ओता

झारीने ट्रॅकच्या वरच्या टोकाकडून सावकाश पाणी सोडा आणि ते कुठून वाहतं, कुठे मुरतं आणि कुठे साचतं ते बघा. पायरीच्या दगडामागे पाणी गडप होत असेल तर ते दगडाखालची बारीक माती घेऊन जात आहे. दरजेतून गढूळ पाणी बाहेर येताना दिसलं की खात्री झाली. पावसानंतर बिघाड वाढण्याचं कारण तेच.

उपाय म्हणजे पाण्याला दगडापर्यंत पोचू न देणं. पायरीच्या वरच्या बाजूला हातभर आधी बोटभर खोल तिरका चर काढून पाणी ट्रॅकच्या कडेला काढा आणि चरात खडी भरा. सपाट दिसणाऱ्या भागालाही मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार हवा.

दगड उपटून नव्याने बसवणं

आतापर्यंतच्या तपासण्यांना फार तर पाणी आणि खडू लागला. यापुढे अंगमेहनत आहे, त्यामुळे वरचं सगळं झाल्याशिवाय इथे येऊ नका.

पहारीने दगड उचला. कंबर वाकवून उचलू नका, पहारीखाली लहान दगडाचा टेकू द्या आणि दगड लोळवून बाजूला घ्या. एकट्याला न हलणारा दगड दोघांनी हलवा. खालची सैल माती पूर्ण काढून टाका. हेच काम लोक गाळतात, सैल मातीवर नवी माती टाकतात आणि दगड पुन्हा वर ठेवतात. मग तो पुन्हा बसतो.

खड्डा इतका खोल करा की दगडाच्या उंचीचा निदान एक तृतीयांश भाग जमिनीत जाईल. तळाशी खडी-मुरूम ५ सेंमीच्या थरात घालून प्रत्येक थर ठोका. दगडाची सर्वात रुंद, सपाट बाजू खाली ठेवा. दिसायला सुंदर बाजू वर यावी म्हणून टोकदार बाजू खाली घालायचा मोह होतो, तो टाळा. दगड मागच्या बाजूला, म्हणजे चढाच्या दिशेने, किंचित झुकलेला ठेवा. टायरचा दाब मग त्याला उपटण्याऐवजी आत रेटतो. बाजूच्या फटी खडीने ठासून भरा आणि तळहाताची तपासणी पुन्हा करा. हलत असेल तर पुन्हा उपटा. माल घालून हलता दगड घट्ट होत नाही, माल फुटतो.

सुटलेल्या दरजा

दगड घट्ट आहे पण दरजेतला सिमेंटचा माल निघाला असेल तर वरून पातळ लेप देऊ नका. पातळ थर पाणी धरून ठेवत नाही, मुरण्याआधीच वाळतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो. जुना माल छिन्नीने २० ते २५ मिमी खोल काढा, ब्रशने भुकटी झाडा, फट पाण्याने भिजवा. एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळू कालवा. पाणी इतकंच घाला की मुठीत दाबल्यावर गोळा होईल आणि बोटांतून पाणी गळणार नाही. जास्त पाण्याच्या मालावर वर पांढरट भुसभुशीत साय येते आणि टायर तिच्यावरून घसरतात. थापीने माल दाबून भरा, वरची बाजू गुळगुळीत न करता ओल्या ब्रशने खरबरीत करा.

ओलं पोतं टाकून सात दिवस पाणी मारा. त्या सात दिवसांत गाडी चालवायची नाही. हे पाळणं कठीण जातं हे मला माहीत आहे. पण सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, पाणी कमी पडलं तर तिथेच थांबतं, आणि पूर्ण ताकद यायला साधारण २८ दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी गाडी चालवलेली दरज महिन्यात सुटलेली मी पाहिली आहे.

ओल्या सिमेंटने कातडी भाजते, रबरी हातमोजे घाला. छिन्नी मारताना डोळ्यांवर चष्मा हवा. दगड ग्राइंडरने कापायचा असेल तर पाणी सोडत कापा आणि धुळीचा मास्क लावा, त्या भुकटीतली सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते.

गुळगुळीत झालेला दगड

वापराने दगडाचा माथा घोटला जातो, सावलीत शेवाळही धरतं. शेवाळ ताठ ब्रश आणि पाण्याने निघतं. घोटलेल्या माथ्यावर छिन्नीने आडव्या बारीक खाचा पाडल्या की पकड परत येते. रंग किंवा वार्निश लावलेला दगड मात्र बदलूनच टाका.

कुठे थांबायचं

ट्रॅक गच्चीवर किंवा बाल्कनीत असेल आणि दगड-माती वाढवायचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. ओली माती घनमीटरला साधारण १,८०० ते २,००० किलो भरते. म्हणजे १० सेंमीचा नुसता थर चौरस मीटरला १८० ते २०० किलो होतो, आणि घरातल्या स्लॅबसाठी धरलेला वापराचा भार साधारण तेवढाच असतो. वर दगड आणि माणसं उभी राहिली की काय होईल याचा अंदाज आपण बांधायचा नाही. स्लॅबखाली ओल किंवा तडा दिसला तर ट्रॅक उतरवायला लागा आणि माणूस बोलवा.

ट्रॅकचा टप्पा कमरेपेक्षा उंच असेल, मागची माती धरणारी भिंत बाहेर झुकत असेल किंवा तिच्यात आडवी भेग असेल, तर खाली उकरू नका. अनुभवी गवंडी किंवा इंजिनिअर येऊन बघेपर्यंत मुलांना त्या बाजूला खेळू देऊ नका. ट्रॅक घराच्या भिंतीला टेकून असेल आणि आतल्या बाजूला ओल आली असेल तरीही हेच.

खोदताना केबल, पाइप किंवा जाड मूळ लागलं तर पहार ठेवून द्या. ट्रॅकवर दिवे किंवा पाण्याचा पंप घरच्या वीजप्रवाहावर चालत असेल आणि दगडाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दगड सोडा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो चालू करू नका.

फुगलेली लिपो बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, टोचायची नाही. घराबाहेर, पेट न घेणाऱ्या भांड्यात ठेवा आणि जुन्या बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या. ईएससीतून धूर आला, किंवा नवी मोटर घालूनही ती मिनिटाभरात हात लावता येणार नाही इतकी तापली, तर ती गाडी दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

आणि दगड दोनदा नव्याने बसवूनही तिसऱ्यांदा खचला असेल, तर खालची जमीनच भरावाची आहे किंवा पोकळ आहे. तिथे पायरी ठेवू नका. मीटरभर बाजूला घट्ट जमीन शोधा आणि ट्रॅकची वाट तिकडून वळवा.